बिनकाट्याची करडी

डोंगरवस्ती, धारूर
६ मार्च २०२३

उज्वले, तुझी तारामावशी लिहिते हाय.

तू आलीस, चार दिस राहिलीस, चिमट्यानं करडीच्या फुलांची लग्नं लावलीस आन् परभणीला निघून गेलीस. मागं मी आन् तुझ्या त्या कागदी टोप्या राहिल्या. बोंडांवर टोप्या घातलेल्या बघून आख्खी वस्ती माझ्या रानात येऊन गेली. मंजुळाबाई म्हनली, "तारे, करडीला पडसं झालंय का गं?" मी म्हनलं, "लगीन लागलंय. नवरीचं तोंड झाकलंय."

तर टोप्यांखालचं बी काडलं. तेवीस बोंडांचं एकशे चौऱ्यांशी दानं. पाकिटात घालून पोस्टानं धाडते. फोन करायचा तर रेंजसाठी म्हसोबाच्या टेकाडावर चढावं लागतं, आन् तिथं आधीच चार जन कान देऊन बसलेले असत्यात. त्यापरीस पत्र बरं.

बाकीची करडी एकलीनं काडली. हाताला पोत्याची फडकी गुंडाळली. पहाटं दव असतं तवर काटा नरम असतो, ऊन चढलं की सुईवानी टोचतो. बायांना इचारलं तर म्हनल्या, हरबऱ्याला बोलीव, ज्वारीला बोलीव, करडीला नको. मंजुळाबाई एक दिस आली, दुसऱ्या दिशी हाताचे पंजे दाखवून घरी गेली. खरं सांगू का, औंदा पेरा बंदच करायचा माझ्या मनात हुतं. मी सासरी निघाले तवा आईनं ओटीत घातलेलं हे बी. आपल्या हातानं बंद करायचं म्हनलं की जीव कसनुसा व्हतो. तू आलीस म्हनून राहिलं.

बांधाच्या पल्याड तो सटवा शेळ्या राखतो. लई खवचट मानूस. मला इचारतो, "भाची शिकलेली हाय म्हनं. आता करडीला गुलाब लागत्याल व्हय?" मी त्याच्याकडं बघितलं बी न्हाई.

एक इचारायचं राहिलं. कापसात बीटी घालत्यात, तसलं हे हाय का? तसं असलं तर आधी सांग. त्या कापसाचं बी दरसाली नवं घ्यावं लागतं. मला माझं बी घरचं पायजे.

तुझी मावशी


परभणी
१९ मार्च २०२३

मावशी, पाया पडते.

पाकीट मिळालं. दाणे मोजले, तर एकशे ब्याऐंशी भरले. दोन कुठं गेले? आमच्या केंद्रात एकेका दाण्याचा हिशोब द्यावा लागतो गं.

तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे. मीच तेव्हा सांगायला हवं होतं. बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचा गुण प्रयोगशाळेत उचलून बसवलेला आहे. तो लग्न लावून कधीच आला नसता, कारण जिवाणूची आणि कापसाची सोयरीक होत नाही. आपलं तसं नाही. इथं दोन्हीकडं करडीच आहे, फक्त घरं वेगळी. तुझ्या करडीत तेल भरपूर, आणि हलक्या रानातसुद्धा तिला मर रोग लागत नाही. आमच्याकडच्या वाणाला काटा नाही, पण तुझ्या उतारावर लावला तर निम्मी झाडं महिनाभरात माना टाकतील. तुझ्याकडचा चिवटपणा आणि आमच्याकडची मऊ पानं एकाच झाडात यावीत, एवढीच खटपट आहे.

प्रयोगशाळा मात्र लागणार आहे. रोप वीतभर असताना पानाचा नखाएवढा तुकडा तपासला, की मर न लागण्याचा गुण त्यात उतरलाय का ते कळतं. नाहीतर झाड जगतंय की मरतंय ते बघत आख्खा हंगाम बसावं लागतं. आणि हो, बी तुझंच राहील. दरवर्षी घरचं पेरायचं.

माझ्या सरांना अजून पटलेलं नाही. म्हणाले, "डोंगरातल्या बाईच्या रानात पीएच.डी. होत नसते." मी म्हटलं, "सर, माझी मावशी तुम्ही बघितली नाही."

ऑक्टोबरात निम्मं बी तुझ्याकडं पाठवते. तू पेर.

तुझी उज्ज्वला


डोंगरवस्ती
२८ जानेवारी २०२४

उज्वले,

कसं लिहू कळंना. आधी खाली बस, मग वाच.

तुझं बी मी दसऱ्याच्या दिशी पेरलं. ऐंशी झाडं आली, जोमदार आली. रोज सकाळी जाऊन पानावरनं हात फिरवत हुते. पयल्या दिसांत मऊ लागलं, मी म्हनलं जमलं! मग झाड वाढलं आन् काटं आलं. एका झाडाला न्हाई उज्वले, ऐंशीच्या ऐंशी झाडांना. बोंडं तर अशी काटेरी की बोट लावायची सोय न्हाई. आपली सोयरीक वाया गेली बघ.

मी रडले न्हाई. तू बी रडू नको. तुला सर काय बोलतील याचाच घोर लागलाय. पायजे तर सांग की मावशीनंच काहीतरी घोटाळा केला, दानं बदललं. तसं बी मागल्या बारीचं ते दोन दानं मीच चावलं हुतं, तेल हाय का बघायला.

वस्तीवरची हसली. सटवा बी हसला. पन मग माझ्या तळव्यात काटा मोडलाय हे त्यानं बघितलं. शेळ्यांच्या खुरातलं काटं काडून त्याचा हात बसलाय. सुई काडली, बाभळीच्या सावलीत बसला आन् मला कळायच्या आत काटा बाहेर. वर म्हनतो, "शेळी बरी, वरडत तर न्हाई." मी वरडलेच नव्हते.

तुला यायला जमलं तर ये. न्हाई तर ऱ्हाऊ दे.

मावशी


परभणी
६ फेब्रुवारी २०२४

मावशी! माझी गुणाची मावशी!

पत्र वाचून मी खोलीत एकटीच नाचले. अगं, ऐंशीच्या ऐंशी काटेरी यायलाच हवी होती! चूक माझी आहे, हे मी तुला आधी सांगितलंच नाही. काट्याचा गुण दांडगा असतो. दोन्ही गुण एका झाडात आले की काटाच पुढं होतो आणि बिनकाटेपण मागं गप्प बसून राहतं. पण ते मेलेलं नसतं. या ऐंशी झाडांच्या पोटात ते आहे. त्यांचं बी धरून पुढच्या हंगामात पेरलंस, की चारातलं एक झाड बिनकाट्याचं निघेल. उलट आत्ता एखादं बिनकाट्याचं निघालं असतं तर मी रडले असते, कारण मग आपल्या बियात दुसरंच बी मिसळलंय असा अर्थ झाला असता.

आता प्रत्येक झाडाच्या दोन बोंडांना मलमलीच्या पिशव्या बांध. मधमाशीनं बाहेरचे पराग आणायला नकोत. इथल्या झाडांनाही काटेच आलेत आणि सर पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसले. मी त्यांना सांगितलं की माझी मावशी माझ्यासाठी घोटाळ्याचा आळ अंगावर घ्यायला तयार होती. म्हणाले, "त्यांना एकदा भेटलं पाहिजे."

एक विचारू? काटा काढणारा हा सटवा तोच ना, ज्याच्याकडं तू बघतसुद्धा नव्हतीस?

तुझी नाचरी भाची


डोंगरवस्ती
१४ डिसेंबर २०२४

उज्वले,

सत्त्याण्णव!

चारशे झाडांत सत्त्याण्णव. मी तीनदा मोजली, मंजुळाबाईनं दोनदा, आन् सटवानं दगडं मांडून मोजली. दिवाळीत तू पानांचं तुकडं तोडून बर्फाच्या डब्यात घालून नेलंस, तवा झाडांत काही फरक कळत नव्हता. आता कळतोय. एका वळीत काटेरी, काटेरी, काटेरी आन् मधीच एक गुळगुळीत! पान असं की लेकराच्या गालाला घासावं. मी माझ्याच गालाला घासलं. रानात कोनी नव्हतं म्हनून बरं.

तू म्हनली हुतीस चारात एक. ते गनित इतकं बरोबर कसं येतं गं? सटवा म्हनला, "देवाच्या घरी बी वाटन्या सारख्या व्हत्यात, फकस्त भावाभावांत व्हत न्हाईत." तो वाटतो तसा खवचट न्हाई. बोलनं तिरपं हाय, मानूस सरळ हाय.

आता म्होरं काय करायचं ते सांग.

मावशी


परभणी
२४ डिसेंबर २०२४

मावशी,

सोबत यादी पाठवतेय. तुझ्या सत्त्याण्णव झाडांच्या पानांच्या तपासण्या पूर्ण झाल्या. त्यातल्या सत्तावीस झाडांत मर न लागण्याचा गुण आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून पक्का आलाय. ओळ आणि झाड यांचे आकडे लिहिलेत, त्या झाडांना लाल दोरा बांध. मावशी, सगळ्या जगात असली करडी फक्त तुझ्या रानात आहे. सत्तावीस झाडं. डोळ्यांत तेल घालून जप.

दर आठवड्याला दोन ओळी तरी लिही.

उज्ज्वला


परभणी
८ फेब्रुवारी २०२५

मावशी,

सहा आठवडे झाले, तुझं एक पत्र नाही. टेकाडावर कुणीतरी फोन उचलला तर म्हणे, "ताराबाई रानात हाय." दरवेळी रानातच? तुझी तब्येत बरी आहे ना? माझ्यावर रागावलीस का? झाडांचं जे काही झालं असेल ते असो, तू मला लिही.

उज्ज्वला


डोंगरवस्ती
१५ फेब्रुवारी २०२५

उज्वले,

तब्येत बरी हाय. तोंड दाखवायला जागा न्हाई, म्हनून लिहिलं न्हाई.

संक्रांतीला तुझी आई बोलावती म्हनून मी तेलगावला अक्काकडं गेलते. एक दिसाचा परश्न. सटवाला म्हनलं, रानाकडं ध्यान ठेव. त्यानं ठेवलं. पन त्याच्या शेळ्या बांधाला चरत हुत्या. त्या धा वर्सं तितंच चरत्यात, करडीला कधी तोंड लावत न्हाईत. सटवा आडावर पानी प्यायला गेला. तेवढ्यात एका शेळीला कळलं की हितं मऊ पाला हाय. मग तिनं सगळ्यांना सांगितलं.

काटेरी झाडाचं एक पान खाल्लं न्हाई बग. येचून येचून गुळगुळीत खाल्ली. तुझ्या तपासनीपरीस त्यांची तपासनी पक्की. सत्तावीसातली नऊ राहिली.

आल्यावर मी सटवाला काय काय बोलले ते कागदावर लिहिन्यासारखं न्हाई. तो मान खाली घालून उभा. मला वाटलं, गेला हा मानूस आता, परत यायचा न्हाई. दुसऱ्या दिशी उजाडताच बोरीच्या काट्यांनी भरलेली बैलगाडी घेऊन हजर! हात रक्तबंबाळ. दुपारपत्तूर कुपान घातलं. शेळ्या भावाच्या हवाली केल्या आन् तवापासनं त्या नऊ झाडांपाशी बसून हाय. मी म्हनलं, "आता कशापायी बसतो? कुपान हाय की." तर म्हनला, "कुपानाला बोलता येत न्हाई."

आता दोन शेर बी तरी व्हईल का, तूच सांग. तुझी पीएच.डी. मी शेळ्यांना खाऊ घातली.

तुझी अपराधी मावशी


परभणी
२३ फेब्रुवारी २०२५

मावशी,

तुझं पत्र मी सरांसमोर मोठ्यानं वाचलं. "मग तिनं सगळ्यांना सांगितलं" इथं ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग चष्मा परत लावून म्हणाले, "उज्ज्वला, आपण इतकी वर्षं काटा काढायच्या मागं आहोत. काटा कशासाठी असतो ते शेळीनं शिकवलं."

नऊ झाडं पुरेशी आहेत. बिनकाट्याच्या झाडाची पुढची पिढी बिनकाट्याचीच निघते, मागं काटा लपून राहत नाही. नऊ झाडांचं मिळून तीनेक हजार दाणे होतील, पाच गुंठे सहज पेरता येतील. आणि पुढच्या वर्षी आपण असं करायचं: चहूबाजूंनी तुझ्या जुन्या काटेरी करडीच्या चार-चार ओळी, आत बिनकाट्याची. आईचं बी राखण करील. तुझ्या आईचं बी बंद करायची गरजच नाही, मावशी. दोन्ही लागणार आहेत.

आता दुसरी गोष्ट. मोजणं हा माझा धंदा आहे. तुझ्या गेल्या पत्रात करडीपेक्षा सटवा जास्त आहे. खरं काय ते सांग.

उज्ज्वला


डोंगरवस्ती
११ एप्रिल २०२५

उज्वले,

तसलं काही न्हाई, असं लिहून एक पत्र फाडलं. हे दुसरं हाय.

नऊ झाडांची करडी आमी दोघांनी काडली. उघड्या हातानं. काडता काडता तो म्हनला, "तारा, मला एकल्यानं भाकर खायचा कटाळा आलाय. तुला आला न्हाई का?" मी इळा खाली ठिवला. म्हनलं, "मी इचार करून सांगते." तो म्हनला, "सावकास कर. मी बसून ऱ्हायला शिकलोय."

त्याची बायको जाऊन सात वर्सं झाली. तुझा काका गेला तवा पोरगा सोमनाथ चौथीत हुता. आता तो पुन्यात कंपनीत लागलाय, त्याचं लगीन करायचं वय झालं. आन् त्याच्या आदी आईनं पाट लावला, असं लोक म्हनतील. आमच्यात नवरा गेल्यावर बाईचा पाट लावत्यात, जुनी चालच हाय, पन पन्नाशीला आलेली बाई लावत न्हाई. पोराला काय तोंड दावू? त्याला दुखवून मला काही नको. तू त्याला यातलं एक अक्षर सांगू नको, तुला माझ्या गळ्याची आन हाय.

मावशी


परभणी
४ मे २०२५

मावशी, आधी माफी मागते. तुझी आन मी मोडली.

गेल्या रविवारी पुण्याला जाऊन सोमनाथला भेटले. त्याच्या खोलीच्या गच्चीवर बसून सगळं सांगितलं. तो कप हातात धरून बसला. कपातला चहा गार झाला. मग म्हणाला, "आई गेल्या वर्षापासून फोनवर हसते. आधी नुसतं जेवलास का, झोपलास का, एवढंच विचारायची. आता शेळ्यांच्या गोष्टी सांगते. मला वाटायचं, करडीमुळं."

मी म्हटलं, "करडीमुळंच की."

तो हसला नाही, मावशी. खोटं कशाला सांगू? त्याला जड जातंय. म्हणाला, "मी त्यांना बाप म्हणू शकणार नाही." मी म्हटलं, तुला कुणी सांगितलंय म्हणायला? मग खाली रस्त्यावरच्या गाड्या बघत बसला, आणि उठताना म्हणाला, "आईला सांग, तारीख कळव. सुट्टी काढायला पंधरा दिवस आधी सांगावं लागतं."

तर तारीख कळव. मलाही सुट्टी काढायची आहे.

तुझी अजिबात पश्चात्ताप न झालेली उज्ज्वला


डोंगरवस्ती
९ मार्च २०२६

उज्वले,

पाट लागला तवा तू हुतीस, म्हनून त्याचं लिहीत न्हाई. आज लिहायचं हाय ते काल झालेल्या काडनीचं. तू तुझ्या परीक्षेत अडकलीस आन् तुला यायला जमलं न्हाई, म्हनून सगळं सांगते.

पाच गुंठ्यांत एका झाडाला बी मर लागली न्हाई. चहूबाजूंनी आईच्या बियाची काटेरी करडी अशी उभी हुती, की एक रानडुक्कर येऊन वास घेऊन परत गेलं. काडनीला मी मंजुळाबाईला इचारलं. ती म्हनली, "येते, पन हातानं काडायची असंल तर न्हाई." मी म्हनलं, ये तर खरी. सकाळी नऊ वाजता आली, ऊन चढल्यावर! रानात पाऊल टाकलं, भीत भीत एक झाड धरलं, सोडलं, परत धरलं. मग दोन्ही हातांनी कवळा भरला आन् वरडली, "अगं बायांनो, या गं!" वस्तीवरच्या अकरा बाया आल्या. कुनाच्याच हाताला फडकं न्हाई. बांगड्या वाजत हुत्या. करडीच्या रानात बांगड्या वाजल्याल्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. मंजुळाबाईची नात पेंढ्यांच्या ढिगावर निजली, करडीच्या ढिगावर! तिच्या आईनं तिला हलवलं बी न्हाई.

दुपारच्या आत काडनी संपली. समद्या बायांनी पदरात पसा-पसा बी मागून घेतलं. तुला इचारायचं राहिलं, पन तू म्हनली हुतीस की बी माझंच. म्हनून दिलं.

सोमनाथ बी आलता. आदल्या दिशीच आला. पाट लागल्यापासनं चारदा येऊन गेला, पन यांना हाक मारायची येळ आली की इकडं तिकडं बघायचा, "अहो ऐका" असं म्हनायचा, न्हाई तर बोलायचाच न्हाई. हे बी त्याच्याशी सांभाळून बोलायचे. दोघं जेवायला बसले की मीच मधी शेळ्यांचं काहीबाही बोलत ऱ्हायचे.

काल काडनी झाल्यावर मी बाभळीखाली करडीच्या वाळवून ठिवलेल्या कवळ्या पाल्याची भाजी, भाकरी आन् ठेचा मांडला. बाया बसल्या. हे मातुर रानाच्या त्या टोकाला शेवटच्या पेंढ्या बांधत हुते. मी उठायला लागले, तर सोमनाथ म्हनला, "तू बस." तो बांधापत्तूर गेला. तितं थांबला. मला वाटलं, पायात काही मोडलं का याच्या. मग त्यानं तोंडाभवती हात धरले आन् मोठ्यानं हाक मारली, "तात्या! भाकर गार व्हायली, चला!"

पेंढी बांधता बांधता यांचे हात थांबले. वळून बघितलं न्हाई. पाठमोरेच राहून पेंढीची गाठ मारली. मग म्हनले, "आलो, बाबा."

बाया जेवत हुत्या. कुनाचं ध्यान बी नव्हतं. मी भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसले. मंजुळाबाई म्हनली, "तारे, ठेचा लई तिखट झालाय व्हय गं? डोळ्याला पानी आलं तुझ्या." मी म्हनलं, "व्हय. आज जरा जास्तच झालाय."

तुझी मावशी